सर्वांनी प्रयत्न करावेत, असे ठरले

सेवाभावी संस्थेच्या विश्वस्ताची देणगीच्या बाबतीत दोन कामे मानली जातात. एक स्वतः देणे आणि दुसरे इतरांकडून आणणे. प्रत्यक्षात तो तिसरेच काम करतो, ते म्हणजे देणगी का येत नाही याची चर्चा. हे काम तो मनापासून करतो, वर्षानुवर्षे करतो आणि त्यासाठी प्रवासभत्ताही मागत नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल लागते. राईस मिल, नगर परिषद, तहसील कचेरी आणि चहूबाजूंनी धानाच्या बांध्या. अशा तालुक्याच्या गावात संस्था काढण्याचा उत्साह दांडगा असतो. कुणाला वाचनालय काढायचे असते, कुणाला अपंगांची शाळा, कुणाला जंगलातल्या गावांसाठी फिरता दवाखाना. संस्था काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसे लागतात. ही सात माणसे पैसे मागू शकणारी असावीत, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. संस्थापकही ते बघत नाही. तो बघतो की माणूस सही करायला घरी सापडेल ना.

म्हणून मंडळ बनते ते साधारण असे. संस्थापक स्वतः सचिव होतो, कारण सहीचा खरा अधिकार तिथे असतो. अध्यक्षपदी निवृत्त मुख्याध्यापक बसतात. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नाही. कोषाध्यक्ष राईस मिलवाले, कारण त्यांच्याकडे पैसा आहे. संस्थेचा कोष आणि कोषाध्यक्षाचा कोष हे दोन वेगळे असतात, हे पहिल्याच ऑडिटला लक्षात येते. एक डॉक्टर असतात, त्यांची ओपीडी संपेपर्यंत सभेला गणपूर्ती होत नाही. एक वकील असतात, ते चंद्रपूरच्या धर्मादाय कार्यालयातली तारीख सांभाळतात. सहावा सचिवांचा साळा. सातवी जागा महिलेची असावी असे कुणीतरी सुचवते आणि सचिवांच्या सौभाग्यवतींचे नाव लागते. त्या सभेला पाच मिनिटे बसतात, सही करतात आणि चहा बघायला आत जातात. या बाईंकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

सभेची सूचना आठ दिवस आधी फिरते. विषयपत्रिकेवर निधी संकलनाचा विषय सहसा सातवा असतो. पहिल्या विषयात मागील इतिवृत्त वाचून कायम होते. दुसऱ्यात ऑडिटरच्या शेऱ्यांवर नाराजी व्यक्त होते. तिसरा विषय कंपाउंडच्या भिंतीचा असतो. भिंत कुठल्या बाजूने आधी बांधावी यावर सर्वांचे ठाम मत असते, कारण भिंत दिसते आणि भिंतीवर बोलायला कुणाकडे काही मागावे लागत नाही. सातवा विषय येईपर्यंत भजी आलेली असतात. डॉक्टरांचा फोन वाजतो. मिलवाल्यांचा ट्रक वजनकाट्यावर उभा असतो. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणतात की निधीची बाब गंभीर आहे. हे सर्वांना मान्य असते. ठराव लिहिला जातो: संस्थेसाठी निधी उभारण्याकरिता सर्व सदस्यांनी आपापल्या परीने प्रयत्न करावेत असे सर्वानुमते ठरले. सूचक वकीलसाहेब, अनुमोदक साळा. पुढच्या सभेत याच ठरावापुढे 'प्रयत्न सुरू आहेत' अशी नोंद होते. मराठी इतिवृत्तलेखनात इतकी निर्दोष दुसरी नोंद नाही. तिच्यावर ऑडिटरलाही शेरा मारता येत नाही.

विश्वस्त मागत का नाहीत, याची कारणे ते स्वतःच सांगतात. गुरुजी म्हणतात, आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही. मिलवाले म्हणतात, आज आपण मागू, उद्या तो आपल्याकडे मागायला येईल. हे निरीक्षण मात्र शंभर टक्के बरोबर आहे. डॉक्टरांना पेशंटकडे मागणे बरे दिसत नाही, वकिलांना पक्षकाराकडे. साळ्याला कुणी ओळखत नाही. सगळ्यांच्या म्हणण्याचा गोळाबेरीज अर्थ असा की मागायला लाज वाटते.

हे कारण मान्य करण्यात एकच अडचण आहे. ती दिवाळीनंतर येते.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात आणि त्यांच्यासोबत नाटकांचे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. प्रेक्षक थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतो आणि तिकीट काढून बसतो. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईकरांनी 'झाडीपट्टी' कुठे आली हे विचारले. गावातले मंडळ कंपनीला ठरावीक रक्कम कबूल करते, इसार देते आणि तिकीटविक्री स्वतः करते. जमलेली रक्कम कबूल केलेल्या रकमेच्या वर गेली तर नफा मंडळाचा, खाली राहिली तर फरक मंडळाच्या पोरांच्या खिशातून. कंपनी पहाटे सामान आवरून पुढच्या गावी निघते, पण पैसे घेतल्याशिवाय निघत नाही.

या मंडळात कोण असतात? तेच गुरुजी, तेच मिलवाले आणि तोच साळा. ज्याला कुणी ओळखत नाही असा हा साळा जीपवर भोंगा बांधून चार दिवस आसपासची गावे पिंजून काढतो. गुरुजी जुन्या विद्यार्थ्याला रस्त्यात अडवतात आणि "किती तिकिटं फाडू जी?" एवढेच विचारतात. तिकीट घेणार का, असा प्रश्न ते करत नाहीत. हात न पसरण्याचे व्रत त्या आठवड्यापुरते स्थगित असते. मिलवाले ज्यांना धानाचा चुकारा द्यायचा असतो त्यांच्या चुकाऱ्यातूनच खुर्चीची दोन तिकिटे वळती करून घेतात.

याहून शिकण्यासारखा प्रकार नाटकाच्या पत्रिकेचा. पत्रिकेवर एक उद्घाटक असतो, मग सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. शेवटी 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली गावातले अर्धे पुढारी. त्यांच्यात परस्परांचे तोंड न पाहणारे दोन-तीन पक्ष एकाच ओळीत बसवलेले असतात. प्रत्येक पदाला एक अलिखित रक्कम असते आणि ती कुणीही तोंडाने सांगत नाही. उद्घाटक मंचावर येतो, नारळ फुटतो, भाषण लांबले की मागच्या रांगेतून शिट्या सुरू होतात, पाकीट पोहोचते, नाटक सुरू होते. यंदा ज्याने सढळ हाताने दिले त्याचे नाव पुढच्या वर्षी एक ओळ वर चढते. ज्याने पाकिटात कमी घातले तो 'विशेष अतिथी'चा 'प्रमुख उपस्थिती'त उतरतो आणि काय समजायचे ते समजतो. देणगीदाराशी नाते कसे जपावे यावर पुण्यामुंबईत दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. मूल तालुक्यात हा विषय छापखान्यातल्या प्रुफावर अर्ध्या तासात मिटतो.

तेव्हा लाज हे कारण नव्हे. नाटकाच्या बाबतीत तोटा आपल्या खिशाला लागतो हे प्रत्येकाला माहीत असते. संस्थेच्या बाबतीत तोटा कुणाला लागतो? सचिव उसनवार करतात, शिक्षकांचा पगार दोन महिने पुढे जातो, औषधे उधारीवर येतात. विश्वस्तापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते ताळेबंद आणि भजी. दुसरे म्हणजे नाटकाला तारीख असते आणि तिकिटाला किंमत. संस्थेसाठी मागायला गेलेला विश्वस्त 'जमेल तेवढे द्या' म्हणतो, तेही 'कार्याला' म्हणतो. समोरच्याला किती, कशासाठी आणि कधीपर्यंत यातले काहीच कळत नाही. मग तो चहा पाजतो, कार्याचे कौतुक करतो आणि पुढल्या महिन्यात बघू म्हणतो.

महाराष्ट्रात मागण्याची परंपरा कमी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा मागण्यातली खुबी अशी की नाही म्हणणाऱ्यालाच ओशाळायला होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहासाठी घरोघरी मुष्टिफंड सुरू केला. बायका रोजच्या दळणातले मूठभर धान्य बाजूला ठेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिनेही मोडले गेले. आज विश्वस्त मंडळाच्या सभेत हे उदाहरण निघाले की सगळे गहिवरतात आणि नंतर विषय क्रमांक आठ घेतात.

मूलकरांना तर फार लांब जायचे कारण नाही. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची आणि आनंदवन १९५१ चे. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याला काम सुरू झाल्याची गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक भाषणात येते. त्याच समितीचा सोमनाथ प्रकल्प मूल तालुक्यातच आहे. तिथे १९६७ पासून काम चालते आणि मे महिन्याच्या कडक उन्हात महाराष्ट्रभरातली पोरे श्रमसंस्कार छावणीला येतात. त्यातली बरीच पुढे नोकरीला लागली, काही परदेशी गेली आणि आयुष्यभर संस्थेची राहिली. घाम गाळलेला माणूस संस्थेला विसरत नाही. पावती घेतलेला विसरतो. चौदा रुपयांच्या गोष्टीचा एक दुष्परिणाम मात्र झाला. जिल्ह्यातल्या लहान संस्थांच्या विश्वस्तांची अशी समजूत पक्की झाली की निधी उभारायला एक बाबा आमटे लागतात. ते मिळाले की बाकीच्या सहांनी आदराने मागे उभे राहायचे. मूलमध्ये सचिवांना हीच भूमिका दिलेली असते. ते चांगले बोलतात, सगळीकडे त्यांची ओळख आहे, मग मागायला तेच जाणार. सचिव आजारी पडले की संस्थेची आवक थांबते. तेव्हा मंडळ त्यांच्या तब्येतीला आराम पडावा असा ठराव करते.

अमेरिकेतल्या संस्थांमध्ये विश्वस्तांना तीन पर्याय देतात म्हणे: द्या, आणा, नाहीतर निघा. पहिले दोन मूलमध्ये समजावून सांगता येतात. तिसरा मात्र लागू करता येत नाही. विश्वस्त निघाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट भरावा लागतो. मग चौकशी, हरकती, तारखा आणि वकीलसाहेबांच्या चंद्रपूरच्या फेऱ्या. एक माणूस काढण्यापेक्षा त्याला आणखी दहा वर्षे भजी खाऊ घालणे स्वस्त पडते. कित्येक संस्थांच्या कागदावर अजून असे विश्वस्त आहेत ज्यांच्या तेरवीला बाकीचे विश्वस्त जेवून आले.

देणगीदारांकडे वळायचे तर त्यांच्यात सर्वांत जुना प्रकार वस्तू देणारा. धान निघाल्यावर तो दोन पोती तांदूळ आणून टाकतो. पावती कितीची करायची हा प्रश्न पडतो, कारण त्याच्या मते तो एचएमटी असतो आणि आचाऱ्याच्या मते नसतो. दुसरा स्मरणार्थ देणारा. याच्यामुळे गावातल्या प्रत्येक संस्थेत पंख्यांच्या पात्यांवर कुणाच्या तरी आजोबांचे नाव असते आणि पंखा सुरू केला की ते वाचता येत नाही. पाचव्या पंख्यानंतर संस्थेला सहावा पंखा नको असतो, वीजबिलाला पैसे हवे असतात. पण वीजबिलावर कुणाच्या आजोबांचे नाव छापत नाहीत. हे देणगीदाराला समजावून सांगणे विश्वस्ताचे काम, कारण संस्थेच्या नोकराने सांगितले तर ते मागणे होते आणि गावातल्या चार प्रतिष्ठितांपैकी एकाने सांगितले तर तो सल्ला होतो. देणगीच्या सगळ्या व्यवहारात विश्वस्ताची खरी किंमत इथे आहे. त्याला पगार नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

मार्चमध्ये उगवणारा देणगीदार आयकराच्या ८०-जी साठी येतो. एके काळी तो पाचपाच हजार रोख मोजून द्यायचा. २०१७ नंतर दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीस पात्र राहिली नाही, पुढे संस्थेने दहा-बीडी फॉर्म भरून त्याला दहा-बीई प्रमाणपत्र देणे आले. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच मिळत नाही. त्यामुळे 'करात सूट मिळते, घ्या की' हे विश्वस्तांच्या भात्यातले एकमेव वाक्य अनेकांपुढे निकामी झाले. आता देणगी का द्यावी हे सांगावे लागते. ते सांगायचे तर संस्था काय करते हे ठाऊक असावे लागते, आणि इथे कित्येक विश्वस्तांची पंचाईत होते.

बाहेरगावचा देणगीदार बहुधा वाघामुळे येतो. ताडोबाची सफारी मंगळवारी बंद असते. नागपूर-मुंबईची मंडळी चार दिवसांसाठी मोहर्लीला उतरलेली असली की त्यांचा मंगळवार रिकामा जातो. जिल्ह्यातल्या चाणाक्ष सचिवांनी हे ओळखले आहे. सोमवारी रात्री फोन जातो आणि मंगळवारी अकरा वाजता गाडी संस्थेच्या दारात येते. अशा वेळी दोन विश्वस्तांनी हजर राहायचे असते. ते राहतात, शाल-श्रीफळ देतात, आणि पाहुण्यांनी संस्थेबद्दल विचारले की वाघाबद्दल सांगू लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. मूलच्या आसपास वाघ शेताच्या बांधावर येतो, त्यामुळे प्रत्येकाकडे एक अस्सल गोष्ट असते आणि पाहुण्याला तीच ऐकायची असते. फिरत्या दवाखान्याचा तक्ता भिंतीवर तसाच राहतो. पाहुणे फार खूश होऊन जातात. नंतर त्यांचा व्हॉट्सॲपवर वाघाचा फोटो येतो.

सीएसआरचा विषय निघाल्यापासून मंडळांत नवीच आशा जागी झाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरचा कागद आहे. तेव्हा दोन टक्क्यांचे गणित प्रत्येक विश्वस्ताने वहीच्या मागच्या पानावर एकदा केलेले असते आणि उत्तर पाहून तो दचकलेला असतो. 'कंपनीत आपला माणूस आहे' असे निदान दोघे सांगतात. आपला माणूस गेटवर किंवा कॅन्टीनच्या ठेक्यात निघतो. शिवाय कंपनी आधी आपल्या धुराड्याजवळची गावे बघते, आणि मूल तिथून लांब आहे. शुद्ध हवेचा असा तोटाही असतो.

यावर उपाय ज्या संस्थांनी केले ते फार साधे आहेत, आणि बहुतेक नाटकाच्या मंडळाकडून उचललेले आहेत. वर्षाच्या पहिल्या सभेत प्रत्येक विश्वस्ताने आधी स्वतःची पावती फाडायची. रक्कम कितीही असो, पण कोरी पावती पुस्तिका घेऊन बाहेर पडायचे नाही. स्वतः न देता मागणारा माणूस समोरच्याला पाचव्या मिनिटाला ओळखू येतो. 'सर्वांनी प्रयत्न करावेत' ऐवजी ठरावात नावे लिहायची: गुरुजींनी अमुक तीन माजी विद्यार्थ्यांना भेटायचे, डॉक्टरांनी नागपूरच्या दोन वर्गमित्रांना. हे पहिल्यांदा केले की सभेत शांतता पसरते आणि दोन जणांना तातडीने घरी जायचे असते. पुढच्या वेळी त्यातला एक परत येतो. मागायची रक्कम खर्चाला जोडायची, म्हणजे एका गावातल्या दवाखान्याच्या एका फेरीचे डिझेल आणि औषधे असा हिशेब देणगीदारापुढे ठेवायचा. वेळ धरायची ती धानाचा पैसा हातात आल्यावरची. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या दारात पावतीबुक घेऊन उभा राहणारा विश्वस्त शहाणा समजला जात नाही. जाहीर वर्गणी गोळा करायची तर कलम ४१-क ची परवानगी आधी बघायची. ते वकीलसाहेबांना आवडेल, कारण त्यात कुणाकडे पैसे मागायचे नसतात.

मागण्याची खरोखर भीड असणाऱ्याला मागायला लावू नये. त्याच्यासाठी आभाराचे काम असते. देणगी आल्यापासून आठ दिवसांत विश्वस्ताने फोन करायचा, पैसे कशाला लागले ते सांगायचे आणि दुसरे काहीही न मागता फोन ठेवायचा. असा फोन आलेला देणगीदार आधी घाबरतो, दोन दिवस दुसऱ्या फोनची वाट बघतो, तो आला नाही की चौकशी करायला स्वतःच फोन करतो. गुरुजी या कामाला उत्तम. त्यांना बोलायला आवडते आणि समोरच्याला फोन ठेवण्याचा धीर होत नाही.

आता सातव्या सदस्य बाई. त्या बचतगटाच्या अध्यक्ष असतात, ही गोष्ट मंडळाच्या लक्षात उशिरा येते. कुठल्या घरात कुठल्या तारखेला पैसा येतो, तेंदूपत्त्याचा पैसा कुणाला किती मिळाला, कोण देतो म्हणून देत नाही आणि कोण नाही म्हणून शेवटी देतो, हे त्यांना तोंडपाठ असते. दर महिन्याला त्या पंधरा-वीस घरांतून हप्ता गोळा करतात आणि त्यांची वसुली मूलमधल्या कुठल्याही संस्थेपेक्षा बरी असते. एका सभेत चहा आणता आणता त्या सहज सांगतात की वाचनालयाला घरटी महिना वीस रुपये लावले तर बाया देतील, पण पुस्तके बायांच्या वेळेला द्यावी लागतील, दुपारी दोन ते चार. मंडळ हे ऐकून अवाक होते. मग वाचनालयाची वेळ बदलावी की नाही यावर दोन सभा होतात. तिसऱ्या सभेत ठराव होतो आणि पहिल्याच महिन्यात वर्गणी जमते.

एवढे यश मिळाले की पुढली अडचण उभी राहते. चांगला मागणारा विश्वस्त गावभर फिरतो, घराघरात त्याची ओळख होते, त्याच्या शब्दाला लोक पैसे देतात हे सगळ्यांना दिसते. त्यात नगर परिषदेची निवडणूक लागते. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी तो संस्थेचा राजीनामा देतो आणि दुसऱ्या दिवशी मिलवाल्यांकडे प्रचाराचा खर्च मागायला जातो. मिलवाले देतात, कारण त्याला मागणे त्यांनीच शिकवलेले असते. मंडळात एक जागा रिकामी होते. वकीलसाहेब चेंज रिपोर्टचे कागद काढतात आणि सचिव घरी सापडेल अशा माणसाच्या शोधात निघतात.